ताईला सांग

मॅडम घरी येणार म्हणून ताईने आदल्या दिवशी पडदे धुतले होते. सोफ्याची कव्हरं बदलली होती, बाल्कनीतल्या कुंड्यांमधली सुकलेली पानं काढली होती आणि लग्नात मिळालेला, एरवी माळ्यावर असणारा कपबशांचा सेट पुसून ओट्यावर मांडला होता. आईबाबा आणि मी बोरिवलीहून पोचलो तेव्हा मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये फिनेलचा वास दरवळत होता. आईने पिशवीतून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा काढला आणि म्हणाली, "बशीत काढून ठेव गो. मॅडम येतील, त्यांना नुसता चहा कसा देणार?"

येणाऱ्या मॅडम संरक्षण अधिकारी होत्या. नवऱ्याकडून आपला छळ होतो असा अर्ज ताईने कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली कोर्टात केला होता, आणि घरी जाऊन परिस्थिती बघा, अहवाल द्या, असं मॅजिस्ट्रेटने या मॅडमना सांगितलं होतं. म्हणजे या घरात एका बाईचा छळ होतो का हे बघायला कुणीतरी येणार होतं, आणि ती बाई घर चकाचक करून बसली होती. मला ते विचित्र वाटलं, पण कुणाला काही बोलावंसं वाटलं नाही, कारण मीसुद्धा इस्त्रीचा ड्रेस घालून आले होते. बाबांनी दाढी केली होती. जिजूंनीही केली होती.

जिजू म्हणजे ताईचा नवरा. दार त्यांनीच उघडलं. आईबाबांच्या पाया पडले, मग मला म्हणाले, "काय, ऑफिसने सोडलं का आज?"

मी मान हलवली. मी कुणाशीच फार बोलत नाही. पण जिजू माझ्याशी पहिल्यापासून नीट बोलत आलेत. माझ्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला त्यांनी मला गाडीने अंधेरीला सोडलं होतं आणि मी घाबरलेय हे ओळखून माझं होईपर्यंत खाली थांबले होते. परतताना त्यांनी काही विचारलं नाही, फक्त ज्यूस घेऊन दिला. त्या सकाळी त्यांच्यासमोर बसल्यावर मला तो ज्यूस आठवत राहिला, आणि त्या आठवणीचं काय करायचं ते कळेना.

ते ताईला मारत नाहीत. शिवी देत नाहीत, दारू पीत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. ते तिच्याशी बोलत नाहीत, इतकंच. एखादा आठवडा नाही. त्या सकाळपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं.

कशावरून सुरू झालं हे ताईला नक्की माहीत नाही. तिचा अंदाज असा की दहिसरला त्यांच्या मित्राच्या घरचं लग्न होतं, तिथे जाताना जिजूंनी गाडी चेकनाक्याच्या पुढे नेली आणि हॉल मागे राहिला. हॉलवर पोचल्यावर ताईने ती गंमत सगळ्यांना सांगितली. सगळे हसले. जिजूही हसले. घरी आल्यावर ते बोलायचे बंद झाले. पण ताई हेही म्हणते की कदाचित ते नसेल, कदाचित त्याआधीचं काहीतरी असेल. तिने माफी मागून बघितली, पण कशाची मागायची हेच ठाऊक नसल्यामुळे तिला दर वेळी वेगळ्या गोष्टीची मागावी लागली.

बोलत नसले तरी घर चालवावं लागतंच. म्हणून जिजू मुलीकरवी बोलायचे. माझी भाची पहिलीत आहे. "मम्मीला सांग, शर्टाची इस्त्री राहिलीय." "मम्मीला विचार, जेवण आहे की नाही आज." ताई तिथेच, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. ती उत्तर देई ते त्यांना ऐकू येत नसे. भाचीने पुन्हा सांगितलं की येई. घरात मूल नसलं की जिजू हवेशी बोलत. "या घरात मीठ संपतं ते कुणाला दिसतं का?" "काही लोकांना वाटतं आपण फार हुशार."

हे सगळं ताईने पहिल्यांदा आईला सांगितलं तेव्हा आई हसली होती. "म्हणजे तू तुझ्या बापाशीच लगीन केलंस!"

आईचं हसणं खोटं नव्हतं. आमच्या घरी अबोला ही घरातल्या माणसासारखीच गोष्ट होती. यायचा, चार दिवस राहायचा, जायचा. गणपतीला गावी जायच्या तिकिटांवरून, काकांना न विचारता काहीतरी कबूल केल्यावरून, कधी नुसत्या मच्छीच्या तिखटावरून. मग मी मधे. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, कान आहेत मला." मला त्यात मजा वाटायची. शाळेत मी वर्गात तोंड उघडत नसे, पण घरी मी दोन देशांची राजदूत होते. सुरुवातीला मी निरोप जसाच्या तसा द्यायचे, नंतर त्यातलं टोचणारं काढून द्यायला शिकले. बाबांच्या "कान आहेत मला" चं मी "येतो म्हणाले" करायचे.

त्याही आधीची गोष्ट आई सांगते. आजोबा गिरणीत होते, लालबागच्या चाळीत एका खोलीत सगळं घर. वडीलधारी माणसं समोर असताना नवऱ्याने बायकोला थेट हाक मारणं तेव्हा बरं दिसत नसे. मग आजोबा खोलीत आले की पोरांपैकी कुणाला तरी म्हणत, "आवशीक सांग, पाणी दी." आवशीक म्हणजे आईला. आजी पाठमोरीच असायची आणि हसत असायची. म्हणजे आमच्याकडे मधल्या माणसाकरवी बोलणं हे कधी लाजेचं होतं, कधी रागाचं, आणि बहुतेक वेळा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यामुळे ताईचं दुखणं आमच्या घरात कुणाला दिसलंच नाही. मलाही नाही. तिच्या घरी गेले की मीसुद्धा निरोप द्यायचे. जिजू म्हणत, "ताईला सांग, निघताना लाइट बंद कर म्हणावं," आणि मी सांगायचे.

मग मे महिन्याची सुट्टी जवळ आली आणि एका दुपारी भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणताना उभं राहतात तशी. "मम्मी, पप्पांनी सांगितलंय, सुट्टी लागली की तू बोरिवलीला आजीकडे जा. आणि तिकडेच राहा. मी इथेच राहणार आहे." एवढं सांगून ती परत रंगवायला गेली.

ताईने गॅस बंद केला आणि मला फोन केला. भाचीने आणलेला निरोप सांगितला. मग म्हणाली, "तू इंग्लिश मीडियमची आहेस ना? बघ ना जरा, कायदा काय म्हणतो ते."

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून फोनवर वाचलं. इंग्रजीत सगळं सोपं वाटलं. 'इमोशनल अब्यूज' हा शब्द मी इतक्या वेळा रील्समध्ये ऐकला होता की तो मला ओळखीचाच होता. कायद्यात तो खरंच होता: बोलून आणि मनाला त्रास देऊन केलेला छळही हिंसाचारच, हात उगारायलाच हवा असं नाही. घर कुणाच्याही नावावर असो, बायकोला त्यात राहायचा हक्क आहे. मी धावत जाऊन ताईला सांगितलं. आणि सांगायला लागल्यावर मला ते मराठीत सांगताच येईना. 'हिंसाचार' म्हटलं तर ताई म्हणाली, "छे गं, एवढं नाहीये." 'अबोला' म्हटलं तर मलाच ते रुसव्याफुगव्यासारखं वाटलं. ताईचं जे चाललं होतं ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी होतं.

मॅडमच्या ऑफिसात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाही असंच झालं होतं. खुर्च्या कमी, फायली जास्त, पंख्याचा आवाज. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर.

"मारतात?"

"नाही."

"व्यसन?"

"नाही."

"घरखर्च देतात?"

"देतात."

"मग करतात काय?"

ताई म्हणाली, "काहीच करत नाहीत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता घरी पाठवतील. त्या म्हणाल्या, "काहीच करत नाहीत, हे मी कोर्टाला काय लिहू, बाई? असं करा. कालचा दिवस सांगा. उठल्यापासून."

ताईने सांगितला. सांगताना ती मधेमधे थांबून म्हणत होती, "हे काही एवढं मोठं नाही," "हे सोडा." मॅडम सोडत नव्हत्या. सुट्टीच्या निरोपापर्यंत आल्यावर मात्र त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "घराबाहेर जा म्हणाले. पोरगी इथेच राहील म्हणाले. हे लेखी आहे? मेसेज? रेकॉर्डिंग?"

"नाही. मुलीने सांगितलं."

"म्हणजे उद्या ते म्हणणार, मी बोललोच नाही."

"ते बोलतच नाहीत," ताई म्हणाली.

मला हसू आलं आणि मी खाली बघितलं. मॅडमही किंचित हसल्या. मग ताईने जे विचारलं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. तिने विचारलं, "कोर्ट त्यांना माझ्याशी बोलायला सांगेल का?"

"नाही, बाई. कोर्ट अमुक करू नका सांगतं. घराबाहेर काढू नका, मुलीला मधे घालू नका, टोमणे मारू नका. बोला असं कुठलं कोर्ट सांगणार?"

ताईने पर्स उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं ती उठेल. मलाही नक्की कळेना की ती कशासाठी आली होती. शेवटी ती म्हणाली, "मला घर सोडायचं नाही आणि मुलीला सोडायचं नाही. तेवढं तरी लिहा."

तर त्या सकाळी पणाला लागलं होतं ते हे. मॅडम घर बघून काय लिहितात त्यावर ताई त्या घरात मुलीसोबत राहणार की सुट्टी लागली की बॅग घेऊन बोरिवलीला येणार हे ठरणार होतं. आणि दाखवायला आमच्याकडे काहीही नव्हतं. पुसलेले कप आणि खोबऱ्याच्या वड्या होत्या.

मॅडम आल्या. जिजूंनी त्यांना पंख्याखालची जागा दिली. खोल्या दाखवल्या. भाचीचं अभ्यासाचं टेबल दाखवलं, जे त्यांनी स्वतः बनवून घेतलं होतं. "गैरसमज आहे, मॅडम," ते म्हणाले. "मी तर साधा माणूस आहे. घरी येतो, जेवतो, झोपतो. भांडण माझ्या स्वभावातच नाही." हे सगळं खरं होतं. बाबा मान डोलावत होते. मीसुद्धा डोलावली असेन. मॅडमही पाणी पिता पिता "हो, हो" म्हणत होत्या, आणि ताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने मुद्दाम साडी नेसली होती. मला एकदम वाटलं, आपणच खोटं पाडणार आहोत तिला. किंवा ती खोटी असेल. हेही मला वाटून गेलं, ते लपवत नाही.

"चहा घेणार ना, मॅडम?" जिजूंनी विचारलं.

"चालेल. बिनसाखरेचा."

जिजू माझ्याकडे वळले. "ताईला सांग, मॅडमना बिनसाखरेचा."

मी म्हणाले, "ताई, बिनसाखरेचा."

आई म्हणाली, "अगो, एक बिनसाखरेचा कर हां."

ताईने मान हलवली. "आलं घालू का विचार," ती मला म्हणाली. मी जिजूंकडे बघून म्हणाले, "आलं घालू का, विचारतेय."

मॅडमचा ग्लास तोंडापाशीच थांबला होता. त्या ताईकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग आईकडे. "त्या इथेच उभ्या आहेत ना?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही. बाबा म्हणाले, "हो. का, काय झालं?"

"मग तुम्ही सगळे काय सांगताय त्यांना? त्यांना ऐकू येत नाही का?"

मला माझ्या तोंडात नुकताच येऊन गेलेला आवाज ऐकू आला. म्हणजे आम्ही सगळे मॅडमना दाखवायला काही नाही म्हणून घाबरून बसलो होतो, आणि दाखवायचं ते आमच्याच तोंडून, वड्यांच्या बशीवरून, इकडून तिकडे चाललं होतं.

मॅडम जिजूंना म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ना त्यांना."

"काय?"

"साखर नको म्हणून. आलं चालेल म्हणून."

जिजू हसले. "सांगितलं की आत्ताच."

"हिला नाही हो. त्यांना. मिसेसना."

जिजूंनी दाराकडे बघितलं. ताईच्या जरा वर, चौकटीवर कुठेतरी बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. तोंड उघडलं आणि मिटलं. ताई त्यांच्याकडे अशी बघत होती की मला मान वळवावी लागली. इतक्या आशेने तिने कुणाकडे बघितलेलं मी पाहिलेलं नाही. वर्षभर ती तिथेच उभी असावी. तेवढ्यात खाली फरशीवर चित्र रंगवत बसलेल्या भाचीला सगळे थांबलेत असं वाटलं, आणि तिने डोकं वर न करता मदत केली. "मम्मी, पप्पा म्हणतायत साखर नको, आलं चालेल."

जिजूंनी श्वास सोडला. "बघा. झालं."

मॅडमनी भाचीला विचारलं, "तू नेहमी सांगतेस का गं निरोप?"

"हो. मला सगळ्यात छान येतं. आजी विसरते."

"आणि सगळं सांगतेस? पप्पा सांगतील ते?"

"सगळं. ते पण सांगितलं, मम्मीने आजीकडेच राहायचं ते."

"मुलांच्या डोक्यात काहीही येतं, मॅडम," जिजू म्हणाले. मग आवाज न चढवता, "आणि आमच्याकडे हे असंच आहे. यांच्याकडेही असंच आहे. विचारा ना यांना." त्यांनी आईबाबांकडे हात केला.

हेही खरं होतं. आईने वड्यांची बशी उगाच सरळ केली. मॅडमनी विचारलं नाही. चहा आला, त्यात आलं नव्हतं, त्यांनी तो प्यायला आणि काहीतरी लिहून निघून गेल्या.

परत येताना पवईवरून जाणाऱ्या बसमध्ये आई आणि मी मागे बसलो, बाबांना पुढे जागा मिळाली. तलाव जाईपर्यंत आईने पर्स दोनदा उघडून मिटली. मग म्हणाली, "ती बाई माझ्याकडे तशी का बघत होती?"

"कशी?"

"मी काय केलं? चहा सांगितला."

"मी पण सांगितला."

"तो म्हणाला, यांच्याकडेही असंच. आमचं काय असंच नाही हां. आमचं वेगळं."

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं. आता काय तुला शिकवू?"

मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या लहानपणी मी ज्यात राजदूत होते त्यालाच जर कायदा छळ म्हणत असेल, तर मग मी काय पोचवत होते? बाबा कधी कधी महिनाभर बोलत नसत. आई तेव्हा रात्री भांडी जरा जास्त घासायची. तेव्हा मी तिला विचारलं नव्हतं.

"बाबा बोलायचे नाहीत तेव्हा तुला काय वाटायचं?"

"शांती वाटायची," आई म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. मग थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "हे बघ. उतरायचं आलं की तुझे बाबा मागे वळून बघतात, मी उठले का. कितीही अबोला असू दे. तुझा जिजू बघत नाही. मी बघितलंय. गेल्या दिवाळीला स्टेशनवर तो सरळ पुढे गेला, ती पोरीचा हात धरून मागे धावत."

बोरिवलीचा स्टॉप आला. बाबा उठले आणि त्यांनी वळून बघितलं. आईने मला कोपराने ढोसलं. पण मला दिसलं ते असं की त्यांनी आधी रॅकवरच्या पिशवीकडे बघितलं आणि मग आईकडे. मी ते तिला सांगितलं नाही. तिचा फरक मला पटला होता, आणि तरी तो एवढासा होता की बसच्या गर्दीत हरवू शकला असता. कोर्ट असा फरक कसा मोजतं मला माहीत नाही.

कोर्टाची ऑर्डर आली तेव्हा सुट्टी लागायची होती. तात्पुरती ऑर्डर, पुढची तारीख होती, आणखीही तारखा असतील. ती इंग्रजीत होती म्हणून ताईने मला बोलावलं. आम्ही कोर्टाच्या जिन्यात उभं राहून वाचली. मॅडमच्या अहवालाचा त्यात उल्लेख होता: अर्जदार समोर असताना घरातली माणसं तिच्याशी तिसऱ्याकरवी बोलतात, आणि लहान मुलगी ते काम करते. वाचताना 'घरातली माणसं' यात मी आहे हे मला कळलं. मी ते मराठीत सांगत होते तेव्हा त्या ओळीवर जरा पटकन पुढे गेले.

जिजूंनी ताईला घराबाहेर काढायचं नाही. मुलीला तिच्यापासून तोडायचं नाही. मुलीकरवी तिला निरोप, टोमणे, धमक्या पाठवायच्या नाहीत.

"आणि बोलण्याचं?" ताईने विचारलं.

"नाहीये."

"बघ ना नीट."

मी पुन्हा वाचलं. "नाहीये, ताई."

तिने कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. मला वाटलं ती रडेल, पण ती म्हणाली, "वडापाव खाऊ या. सकाळपासून काही नाही पोटात."

जिजू कायदा पाळणारे आहेत. ते सिग्नलसुद्धा तोडत नाहीत. ऑर्डर आल्या दिवसापासून त्यांनी मुलीला एकही निरोप दिला नाही. हवेशी बोलणंही थांबलं. त्यामुळे आता त्या घरात, ताई म्हणते, कुकरची शिट्टी झाली की सगळे दचकतात. मीठ संपलं तर ते रिकामी बरणी ओट्यावर ठेवतात. बरणी म्हणजे निरोप का, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "आता बरणीवर केस करू का?" आणि हसली. पण लगेच म्हणाली, "झोप लागते गं मला आता. उठवून कुणी घालवणार नाही, एवढं कळलंय ना." तिला बरं वाटतंय की नाही हे मला तिच्या आवाजावरून सांगता येत नाही. तिला अजून वाटतं का की ते एक दिवस बोलतील? मी विचारलेलं नाही.

सर्वांत गोंधळलेली आहे ती भाची. तिचं काम गेलं. सुट्टीत मी तिकडे राहायला गेले होते तेव्हा ती मधूनच स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात मागे बांधून उभी राहायची. ताई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काय गं?" भाची आठवल्यासारखं करायची. मग म्हणायची, "काही नाही. मीच आलेय." ताई तिला पिठाचा गोळा द्यायची.

मी निघायच्या दुपारी आम्ही तिघी जेवत होतो. जिजू आतल्या खोलीतून आले. मला म्हणाले, "निघालीस? बस मिळेल ना? नाहीतर सोडतो." माझ्यासाठी ते आजही खाली थांबतील, मला खात्री आहे. मी म्हणाले, "मिळेल." त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या रिकाम्या जगाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताईला सां–"

आणि थांबले. ऑर्डरमध्ये मुलीचं होतं, माझं नव्हतं. तरी ते थांबले. मी मात्र थांबले नव्हते. माझी मान ताईकडे वळलीसुद्धा होती, तोंड उघडलं होतं, आणि सांगायला काहीच नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होती. जिजू तसेच उभे राहिले, हात खुर्चीच्या पाठीवर. त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग यायला हवा होता तो आला नाही, आणि त्यांचाही आला नाही. मग ते जग उचलून स्वतःच आत गेले. फिल्टरचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय म्हणत होते?" ताईने हळूच विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी काही काढून टाकून सांगतेय का ते बघायला. मी आमटी घेतली. आत नळ अजून चालू होता, जग केव्हाच भरला असावा.